गुरूच्या चंद्रांच्या वेळा: नाशिकमधली आठ इंची दुर्बीण कशासाठी वापरावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदिरानगरमध्ये तीन मजली इमारतीच्या गच्चीवर आठ इंची डॉब्सोनियन (साध्या पायावर हाताने फिरवायची) दुर्बीण आहे; आरसा २०३ मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी. गुरूवर दोन पट्टे आणि शेजारी चार ठिपके दिसतात. नासाने गुरूकडे धाडलेल्या जुनो यानाची चित्रे पाहिल्यावर हे फारच तोकडे वाटते. एवढ्या दुर्बिणीतून कोणाला उपयोग होईल असे काही करता येते का, की मोठी दुर्बीण घ्यावी आणि त्र्यंबकच्या बाजूला अंधारात जावे?

करता येते, आणि चांगल्यापैकी करता येते. मात्र चित्रांच्या स्पर्धेत उतरू नका. तुमच्या दुर्बिणीचा खरा उपयोग वेळ मोजण्यासाठी आहे.

हिशेब करून पाहा. प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे पृथ्वीवरून पाहता गुरू सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असताना, तो साधारण ६५ कोटी किलोमीटरवर असतो. त्या अंतरावर एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे सुमारे ३१५० किलोमीटर. २०३ मिमीच्या आरशाची भेदनक्षमता ०.५७ विकला, म्हणजे हवा अगदी स्थिर असली तरी १८०० किलोमीटरपेक्षा बारीक काही वेगळे दिसणार नाही. त्या चार ठिपक्यांपैकी एक असलेल्या आयो या चंद्राचा व्यासच ३६४३ किलोमीटर आहे, तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरचे काही दिसण्याचा प्रश्नच येत नाही. पण आयो आपल्या कक्षेत सेकंदाला १७ किलोमीटर धावतो. त्याच्या बाबतीत एखादी घटना घडल्याची वेळ तुम्ही एका सेकंदापर्यंत अचूक नोंदवली, तर त्याची जागा वीसेक किलोमीटरच्या आत सांगितल्यासारखे होते. दुर्बीण तीच, गच्ची तीच, पण अचूकता शंभर पटींनी वाढली.

अशा घटना दोन प्रकारच्या. पहिला प्रकार नेहमीचा: चंद्र गुरूच्या सावलीत जातो किंवा सावलीतून बाहेर येतो. याच ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात हे पाहून खगोलशास्त्रज्ञ रोमरने १६७६ मध्ये प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवले. दुसरा प्रकार जास्त मोलाचा. एक चंद्र दुसऱ्या चंद्राला झाकतो, म्हणजे पिधान होते, किंवा एकाची सावली दुसऱ्यावर पडते. यांना परस्पर पिधाने आणि परस्पर ग्रहणे म्हणतात. ती दर वर्षी होत नाहीत. गुरूचा अक्ष जेमतेम ३.१ अंश कललेला आहे आणि चारही मोठे चंद्र त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरतात. ही पातळी सूर्याकडे आणि पृथ्वीकडे अगदी कडेने वळलेली असेल तेव्हाच चंद्र एकमेकांच्या रेषेत येतात. गुरूच्या ११.८६ वर्षांच्या फेरीत असे दोनदा होते, म्हणून दर सहा वर्षांनी सुमारे वर्षभराचा हंगाम येतो.

नाशिककरांनी इथे थोडे थांबून विचार करावा. गुरूच्या अक्षाची दिशा अवकाशात जवळपास स्थिर आहे, त्यामुळे पातळी कडेने दिसण्याच्या दोन जागाही ठरलेल्या आहेत. एक कर्क आणि सिंह राशींच्या सीमेजवळ, दुसरी बरोबर समोर, मकर-कुंभेच्या बाजूला. गुरू सिंहेत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो. म्हणजे सिंहस्थ आणि परस्पर ग्रहणांचा हंगाम हे जवळजवळ एकाच वेळी येतात: १९९१, २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. दुसऱ्या जागेवरचे हंगाम १९९७, २००९ आणि २०२१ मध्ये येऊन गेले. त्या तिन्ही वेळी प्रतियुती ऑगस्टमध्ये होती आणि नाशिकवर पावसाळी ढग होते. या गावाला सहा नव्हे, बारा वर्षांतून एकच धड हंगाम मिळतो, आणि तो सिंहस्थाबरोबर येतो. १० फेब्रुवारी २०२७ च्या सुमारास प्रतियुती आहे, आकाश कोरडे असेल, आणि नाशिकचा अक्षांश २० अंश असल्याने गुरू मध्यमंडलावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) ८५ अंशांच्या आसपास, जवळजवळ डोक्यावर येईल. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण ७३.८ अंशांवर, म्हणून तो त्या रात्री बाराला नव्हे, पाऊणच्या पुढे मध्यमंडल ओलांडेल. कामाचे महिने म्हणजे ऑक्टोबरपासूनच्या पहाटा, मग हिवाळ्याच्या पूर्ण रात्री, आणि शेवटी एप्रिल-मेच्या संध्याकाळी.

या वेळांचे पुढे काय होते, ते समजून घेतले तर रात्रभर जागायला बळ येते. १९७९ च्या मार्चमध्ये व्हॉयेजर १ च्या चित्रांत आयोवरचा जिवंत ज्वालामुखी दिसला. त्याच्या काही दिवस आधीच पील, कॅसन आणि रेनल्ड्स या शास्त्रज्ञांनी गणिताने सांगितले होते की गुरूच्या ओढीने होणाऱ्या भरती-ओहोटीच्या ताणाने आयो सतत मळला जाऊन आतून तापलेला असणार. आयो, युरोपा आणि गॅनिमीड या तीन चंद्रांचे भ्रमणकाळ १:२:४ या प्रमाणात अडकलेले आहेत, त्यामुळे आयोची कक्षा कधी पूर्ण गोल होत नाही आणि ते मळणे थांबत नाही. पण या उष्णतेपायी कक्षेतली ऊर्जा किती वेगाने खर्च होते? याचे उत्तर एका यानाच्या भेटीतून मिळत नाही, कारण परिणाम अतिशय हळू साचतो. २००९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ लेने आणि सहकाऱ्यांनी १८९१ ते २००७ पर्यंतच्या जागांच्या नोंदी एकत्र केल्या आणि तो वेग काढला: आयो गुरूकडे सरकतो आहे, युरोपा आणि गॅनिमीड बाहेर जात आहेत. पुढे जुनो यान ३० डिसेंबर २०२३ आणि ३ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोपासून सुमारे १५०० किलोमीटरवरून गेले. त्या वेळच्या रेडिओ लहरींतील फरकांवरून डिसेंबर २०२४ मध्ये निष्कर्ष निघाला की आयोच्या कवचाखाली उथळ, सलग असा लाव्हारसाचा समुद्र नाही. यानाचे मोजमाप अतिशय सूक्ष्म असते, पण मोजक्या क्षणांचे. जमिनीवरच्या नोंदी ढोबळ असतात, पण त्यांची साखळी शतकाहून लांब आहे. दोन्ही लागतात. नासाचे युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये आणि युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस यान जुलै २०३१ मध्ये गुरूपाशी पोहोचतील. क्लिपर युरोपाजवळून ४९ वेळा जाणार आहे, काही वेळा अवघ्या २५ किलोमीटरवरून. प्रत्यक्ष दिशादर्शन रेडिओ मागोव्यावरच होईल, तुमच्या नोंदीवर नव्हे; पण चंद्रांच्या कक्षांचा जो दीर्घ हिशेब त्यामागे उभा आहे, त्यात अशा नोंदी धरल्या जातात. पॅरिसची आयएमसीसीई ही संस्था १९७० च्या दशकापासून प्रत्येक हंगामात घटनांची वेळापत्रके काढते आणि जगभरचे प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेज कसे बदलले याचे आलेख, गोळा करते. हौशी निरीक्षकांचेही घेते.

आता प्रत्यक्ष काम. पहिली अडचण तुमच्या डॉब्सोनियनचीच आहे. हाताने ढकलायच्या दुर्बिणीत चंद्र मिनिटभरही एका जागी राहत नाही, आणि परस्पर ग्रहण पाच मिनिटांपासून तासापर्यंत चालते. शिवाय गुरू डोक्यावर असताना डॉब्सोनियन आडवी फिरवणे फार अवघड जाते. शिरोबिंदूजवळ थोडे सरकायला अख्खा पाया गर्रकन फिरवावा लागतो. म्हणून मागोवा घेणारी व्यवस्था हवीच. डॉब्सोनियनखाली ठेवायचे, आकाशाच्या गतीबरोबर हळू कलत जाणारे विषुववृत्तीय पाट मिळतात, पण ४० अंश अक्षांशासाठी बनवलेला पाट इथे निरुपयोगी आहे. २० अंशांवर ध्रुवाक्ष इतका आडवा होतो की पाटाचा तोल लवकर जातो. दोन्ही बाजूंना सहा-सात अंशच कल ठेवा, तेवढ्यात पन्नासेक मिनिटे मिळतात. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मोजमाप देऊन करून घेता येईल. दुसरा मार्ग म्हणजे तयार विषुववृत्तीय माउंटवर नळी चढवणे. तिथेही अक्षांश कमी असल्याचा त्रास आहे: अक्ष २० अंशांवर आणला की प्रतिवजनाचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला अडतो. तिपाई ६० अंशांनी फिरवून दांडा दोन पायांच्या मधोमध येईल अशी बसवा, किंवा मध्ये उंचीचा तुकडा घाला. ध्रुवतारा इथून फक्त २० अंश वर असतो, शहरात तो हमखास इमारतीमागे जातो. तेव्हा ताऱ्याचे घसरणे पाहून अक्ष जुळवण्याची पद्धत शिकून घ्या.

कॅमेरा ग्रहांसाठी वापरतात तो साधा चालेल. चंद्रांची प्रत (तेजाचे माप; आकडा लहान तितके तेज जास्त) ४.६ ते ५.६ असते, त्यामुळे प्रकाश भरपूर. बार्लो (प्रतिमा मोठी करणारे जोडभिंग) लावू नका. १२०० मिमीवर २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलला अर्धी विकला मिळते, प्रकाशमापनाला ते योग्य आहे. स्वयंचलित गेन, स्वयंचलित एक्स्पोजर, गॅमा, कॉन्ट्रास्ट सगळे बंद. ८ बिटऐवजी १२ बिटमध्ये, १६ बिटच्या एसईआर फाइलमध्ये नोंद करा. चंद्राचा सर्वांत तेजस्वी पिक्सेल कमाल मूल्याच्या ६० ते ७० टक्क्यांवर राहील इतके एक्स्पोजर ठेवा. तो एकदा भरून वाहिला की प्रकाशवक्राचा वरचा भाग सपाट होतो आणि नोंद वाया जाते. हलक्या डिफोकसने हा धोका कमी होतो. फ्रेममध्ये घटनेत नसलेला तिसरा चंद्र असलाच पाहिजे. पातळ ढग, धूर, दव यांनी होणारी घट दोघांवर सारखी येते, आणि भागाकार केला की निघून जाते. तिसरा चंद्र नसेल तर खरी घट आणि ढग यांत फरक करता येत नाही. सुरुवात अंदाजित वेळेच्या पंधरा मिनिटे आधी करा आणि नंतरही तेवढीच चालू ठेवा, म्हणजे सपाट भाग दोन्हीकडे मिळतो.

वेळेकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण बाकी सगळे नीट होऊनही इथेच काम बिघडते. लॅपटॉपचे घड्याळ रात्रीत एखाद-दोन सेकंद सहज सरकते. मोबाइलच्या इंटरनेटवरून वेळ एकदा जुळवून दिवसभर विश्वास ठेवू नका. घटनेच्या दहा मिनिटे आधी आणि लगेच नंतर घड्याळाचा फरक तपासून दोन्ही आकडे लिहून ठेवा. जीपीएसवरून वेळ देणारे छोटे उपकरण जोडलेत तर उत्तमच. कॅमेरा यूएसबी हबमधून जोडू नका, फ्रेम उशिरा पोहोचून चुकीचा शिक्का लागतो. सगळी वेळापत्रके जागतिक वेळेत असतात, आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळात जागतिक तारीख आदल्या दिवसाची असते. या एका गफलतीने लोक पूर्ण चोवीस तास चुकलेल्या रात्री गच्चीवर जातात, किंवा बरोबर नोंद चुकीच्या तारखेने पाठवतात.

मोजताना गुरूची चकाकी हा मुख्य शत्रू. घटना गुरूच्या कडेपासून त्याच्या एका व्यासापेक्षा जवळ असेल तर पार्श्वभूमी एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला काळी असते. चंद्राभोवतीच्या कड्यातून सरासरी काढली तर ती खोटी येते. गुरू फ्रेमबाहेर ठेवा, आरसे धूळमुक्त ठेवा, लाल किंवा अवरक्त फिल्टर लावा. ८९० नॅनोमीटरचा मिथेन फिल्टर गुरूलाच काळवंडून टाकतो आणि चंद्र तेजस्वी राहतात. त्यासारखा उपाय नाही, पण किंमत जास्त आणि प्रकाश कमी, म्हणून पहिल्या हंगामात त्याच्या मागे लागू नका. पिधानात दोन्ही चंद्र एकत्र मोजावे लागतात. ग्रहणात ग्रासलेला चंद्र वेगळा मोजता आला तर घट जास्त खोल आणि स्पष्ट मिळते. सुरुवातीला दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त घट असलेल्या घटनाच निवडा.

पाट तयार होईपर्यंत डोळ्यांनी करण्यासारखे काम हवे असेल तर आयोची गुरूच्या सावलीतली ग्रहणे घ्या. दर साडेबेचाळीस तासांनी एक होते. प्रतियुतीच्या आधी गुरूच्या पश्चिमेला आयो मावळताना दिसतो, प्रतियुतीनंतर पूर्वेला उजळताना. संपूर्ण मावळायला साडेतीन मिनिटे लागतात कारण आयो बिंदू नसून तबकडी आहे. शेवटचा कण दिसेनासा होण्याची वेळ दुर्बिणीच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून नोंदीत आरशाचा व्यास आणि वर्धन लिहायचेच. २५ मिमीच्या नेत्रिकेचे ४८ पट यासाठी कमी पडते, १० मिमीचे १२० पट बरोबर.

जागेबद्दल. त्र्यंबक, अंजनेरी, हरसूल ही ठिकाणे दीर्घिका आणि तेजोमेघांसाठी. ग्रहांना अंधाराची गरज नाही, स्थिर हवेची आहे, आणि ती डोंगराच्या पायथ्याशी उतरणाऱ्या थंड वाऱ्यात अनेकदा शहरापेक्षा वाईट असते. तुमचा खरा त्रास गच्चीचा आहे. आरसीसी स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो; ऑक्टोबरमध्ये तर हमखास. गुरूची कड उकळल्यासारखी हलताना दिसली की दोष बहुतेक त्याचा असतो. सूर्यास्ताला गच्चीवर पाणी मारा, पण निरीक्षणाच्या तासभर आधी ते सुकलेले असू द्या, नाहीतर नेत्रिकेवर दव धरते. शेजारच्या एसीचे बाहेरचे यंत्र आणि पत्र्याचे शेड दृष्टिरेषेखाली येऊ देऊ नका. सोसायटीत माती किंवा हिरवळ असेल तर खाली उतरा. डोक्यावरच्या गुरूसाठी क्षितिज लागत नाही. आरसा बाहेर ठेवल्यावर तासभर थांबा. डिसेंबर-जानेवारीत तापमान रात्रभर उतरत राहते आणि आरसा कायम मागे पडतो, तेव्हा मागे १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा बसवा. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, त्या रात्री आकाश धुरकट होते. ते पाहून घरी बसू नका. अशी साचलेली, न हलणारी हवा ग्रहांसाठी पुष्कळदा उत्तम असते. उलट उत्तरेचा वारा सुटून तारे लखलखत असतील, तर वर वेगवान हवा आहे असे समजा.

आरशांची जुळणी प्रत्येक वेळी तपासा, विशेषतः दुर्बीण जिन्यावरून वर-खाली केली असेल तर. २०० पटीच्या आसपास तारा किंचित डिफोकस करा. वर्तुळे एककेंद्री नसतील तर मुख्य आरशाचे स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवा आणि तारा पुन्हा मध्यभागी आणून पाहा. उपआरशाला हात लावायची गरज क्वचितच पडते.

चित्रे काढूच नका असे मी म्हणत नाही. जुनोची सुरुवातीची कक्षा ५३ दिवसांची होती आणि प्रत्येक फेरीत ते काही तासच जवळ असे. हबल बाह्य ग्रहांची नियमित पाहणी वर्षातून एकदा करते. मधल्या दिवसांत गुरूवर काय चालले आहे ते जमिनीवरचे निरीक्षकच पाहतात. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांनी आपल्या दुर्बिणीतून गुरूवर काहीतरी आदळल्याचा काळा डाग पाहिला, त्यानंतर मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. अशा धडकांची चमक एक-दोन सेकंदच टिकते, म्हणून चित्र तयार केल्यावर मूळ व्हिडिओ पुसण्याआधी अशा चमका शोधणाऱ्या डीटेक्ट या संगणक प्रणालीतून तपासून घ्या. २ पट बार्लोने एफ/१२ होते, २.९ मायक्रॉनला ते पुरेसे. गुरूचा मध्य मिनिटाला पाव विकला सरकतो, त्यामुळे दोन मिनिटांहून लांब व्हिडिओ घेतला तर तपशील पुसट होतो. जास्त हवे असेल तर अनेक छोटे घेऊन विनज्यूपोस या संगणक प्रणालीत गुरूच्या फिरण्याचा हिशेब धरून जुळवा. धार वाढवताना हात आवरा. कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी दुहेरी रेघ आली की ती तुमच्या प्रक्रियेची आहे, गुरूची नाही, आणि असे चित्र मोजमापाला बाद होते. लाल डाग मध्यमंडलावर आल्याची वेळ दर वेळी नोंदवा, मिनिटाला ०.६ अंश या दराने ती थेट रेखांशात बदलते, आणि डाग किती सरकला हे महिन्याभरात तुमच्याच वहीत दिसते.

शनीभोवती सप्टेंबर २०१७ मध्ये कॅसिनी संपल्यापासून यान नाही, तेव्हा नवा पांढरा डाग दिसला तर तो आधी जमिनीवरूनच दिसेल. ४ ऑक्टोबर २०२६ ची प्रतियुती पावसाळा ओसरताच येते. शुक्राचे तसेच: जपानचे अकात्सुकी थांबल्यानंतर तिथे कार्यरत यान उरलेले नाही आणि इस्रोचे शुक्रयान मार्च २०२८ मध्ये सोडायचे ठरले आहे. जांभळ्या-अतिनील फिल्टरमधून शुक्राच्या ढगांचे पट्टे आठ इंचीत टिपता येतात, पण त्यासाठी एकरंगी कॅमेरा हवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम असा ठेवा: आधी मागोवा घेणारा पाट किंवा माउंट, मग जीपीएसची वेळ, मग कॅमेरा. दहा किंवा बारा इंची आरसा या यादीत शेवटी. नोंद पाठवताना मूळ फाइल जपून ठेवा आणि सोबत अक्षांश-रेखांश, उंची, आरशाचा व्यास, फिल्टर, एक्स्पोजर, घड्याळाचा आधीचा-नंतरचा फरक आणि आकाशाची स्थिती लिहा. घट दिसली नाही तरीही पाठवा; अंदाजाप्रमाणे न घडलेले पिधानही कक्षेबद्दल तितकेच सांगते.